अवघड वाट चढायला, सोपी उतरायला

प्रश्न : आम्ही पाच जण, वयं २६ ते ५२. राजगड, तोरणा, कळसूबाई झालेत. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी हरिश्चंद्रगड एका दिवसात करायचा बेत आहे. मुक्काम नको, आणि गेलो त्याच वाटेने परतही यायचं नाही. खिरेश्वरहून तोलार खिंडीने चढायचं, मंदिर, कोकणकडा, तारामती करून जुन्नर दरवाजाच्या वाटेने पुन्हा खिरेश्वरातच उतरायचं. वाटेचा जीपीएस ट्रॅक मोबाईलवर घेतलाय. ॲप १७ किलोमीटर आणि पाच तास दाखवतं. म्हणजे मध्यरात्री निघून सकाळी आठला चढायला लागलो तरी चालेल ना? दाजींचा (वय ५२) गुडघा उतरताना थोडा कुरकुरतो. त्यांचे ट्रेकिंगचे बूट तीन वर्षं कपाटात आहेत, पण दिसायला नवेकोरे. वाटाड्या घ्यायलाच हवा का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर :

बेत चांगला आहे, फक्त उलटा आहे. हीच फेरी घ्या, पण जुन्नर दरवाजाने चढा आणि तोलार खिंडीने उतरा. वाटाड्या घ्यायलाच हवा. आणि सकाळी आठ नाही, सहा. आता कारणं.

जुन्नर दरवाजाची वाट खिरेश्वरच्या डोक्यावरच्या डोंगरातून सरळ वर घुसते. अंगावरचा चढ, पायाखाली घसारा (सुटी माती आणि दगड), मध्ये कातळटप्पे, आणि वावर कमी म्हणून जागोजागी मोडलेली पायवाट. अशी वाट चढताना दमवते, पण फसवत नाही. पुढचा हात कुठे ठेवायचा ते डोळ्यांसमोर असतं, पाऊल टाकण्याआधी दगड हलवून बघता येतो. उतरताना यातलं काहीच हाताशी नसतं. पाऊल कुठे पडतंय ते स्वतःच्याच पोटाआड आणि सॅकआड जातं, घसाऱ्यावर शरीराचं सगळं वजन खालच्या पायावर येतं, आणि हे सगळं तुमच्या बेतात दुपारी तीननंतर, सात तास चालून झाल्यावर येणार होतं.

याहून मोठं कारण या डोंगराच्या घडणीत आहे. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक चढलेले आडवे थर. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून त्याची पट्टी होते. मग पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. खालून पाहिलं की हे सगळं जिन्यासारखं दिसतं. कुठल्या नाळेतून, म्हणजे कड्यामधल्या घळीतून, वाट आहे आणि कुठली नाळ कड्याखालीच संपते, ते गावात उभं राहून बोटाने दाखवता येतं. वरून मात्र फक्त गवताचा उतार दिसतो. कडा त्या उताराच्या पोटाखाली दडलेला असतो. दोन-तीन घळींची तोंडं माथ्यावरून हुबेहूब सारखी दिसतात, चुकीच्या घळीत शंभर मीटर उतरेपर्यंत सगळं ठीक वाटतं, आणि मग पायाखालची जमीनच संपते. तेव्हा परत चढायचं बळ नसतं, त्यामुळे माणसं ‘इथून कसंतरी उतरू’ म्हणतात आणि अशा जागी अडकतात की जिथून ना खाली जाता येतं ना वर.

तोलार खिंडीची वाट याच्या उलट. ती मळलेली आहे, बाण रंगवलेले आहेत, कातळटप्प्यावर लोखंडी रेलिंग आहेत, आणि शनिवारी माणसांचा राबता असतो. दमलेल्या पायांनी उतरायला अशीच वाट हवी. दाजींच्या गुडघ्यालाही तीच मानवेल.

आता ॲपचे पाच तास. ते बहुधा सपाटीवरच्या चालीचा हिशेब लावतं, थांबणं त्यात धरत नाही, आणि घसारा म्हणजे काय हे त्याला माहीतच नाही. कागदावर असं मांडा. डोंगरात नेस्मिथचा ठोकताळा जुना आणि भरवशाचा आहे : ताशी ५ किलोमीटर, अधिक दर १०० मीटर चढाला १० मिनिटं. तो स्कॉटलंडातल्या धडधाकट चालणाऱ्याचा. आपल्याकडे सॅक पाठीवर, पाच जणांचा गट आणि खडकाळ वाट धरून ताशी ३ किलोमीटर पकडा. १७ भागिले ३, म्हणजे पाच तास चाळीस मिनिटं. तारामती शिखर १,४२९ मीटर, खिरेश्वर साधारण सातशेच्या आसपास, शिवाय पठारावरचे चढउतार. एकूण चढ हजार मीटरच्या घरात जातो, त्याची शंभर मिनिटं. नुसती चाल झाली सात तास वीस मिनिटं. दर तासाला पाच मिनिटांचा दम, तारामती, मंदिर, कोकणकडा आणि जेवण मिळून आणखी तीन तास. साडेदहा तासांचा दिवस आहे हा.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात या भागात सूर्य सातच्या आतबाहेर उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. उजेड अकरा तासांचा. आठला निघालात तर हिशेबच बसत नाही. शेवटचा अर्धा तास अंधारात, आणि तुमच्या मूळ बेताप्रमाणे जरा उशीर झाला तरी तो अंधार नेमका जुन्नर दरवाजाच्या घसाऱ्यावर.

म्हणून शुक्रवारी रात्रीच खिरेश्वरात पोचा. नाशिक रस्त्याने नारायणगाव, आळेफाटा, मग माळशेजच्या दिशेने ओतूर, मढ आणि खुबी फाटा. तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून पाचेक किलोमीटर आत. गावात घरगुती मुक्कामाची, जेवणाची सोय होते, आधी फोन करून ठेवायचा. मध्यरात्री निघून पहाटे पोचायचं आणि गाडीतून उतरून तसंच चढायला लागायचं, हा प्रकार पुण्या-मुंबईकडे फार बोकाळला आहे. न झोपलेला माणूस सकाळी उत्साहात असतो, दुपारी दोननंतर त्याचं पाऊल चुकायला लागतं. एसटीने येत असाल तर खुबी फाट्यावर उतरून रात्री एकेकट्याने गावाकडे चालत निघू नका. जुन्नर तालुका आहे, बिबट्या इथे नवलाचा नाही. गटाने, बॅटरी घेऊन, बोलत जा.

वेळापत्रक असं धरा. सहाला गाव सोडायचं, पहिला अर्धा तास डोक्यावरच्या बॅटरीने, कारण तो सोपा आहे. चढ सुरू होईपर्यंत झुंजुमुंजू होतं. साडेसात-पावणेआठच्या सुमारास पहिल्या खऱ्या कातळटप्प्याच्या पायथ्याशी पोचाल. नेमकी जागा वाटाड्याला आदल्या रात्रीच विचारून ठेवा. तिथे बसायचं, पाणी प्यायचं, आणि ठरवायचं. कुणाचे पाय थरथरताहेत का? कुणी मघापासून गप्प झालंय का? दाजी ठीक आहेत का? एकाचंही उत्तर वाकडं आलं तर इथूनच मागे फिरायचं. या जागेच्या वर गेल्यावर मागे फिरणं म्हणजे तोच घसारा उतरणं, आणि तेच तर आपण टाळतो आहोत. इथून परतलात तर दिवस वाया जात नाही. नऊपर्यंत गावात, आणि तोलार खिंडीने चढून मंदिर बघून त्याच वाटेने परत. वर्तुळ पुरं होणार नाही आणि कोकणकडाही सोडावा लागेल, पण दीड वाजता जिथे असाल तिथून माघारी वळलात तर गावात उजेडात याल.

सगळं सुरळीत असेल तर सव्वानऊच्या आसपास माथा, साडेनऊला तारामती. वीस मिनिटं पुरेत. साडेदहाला मंदिर. अर्ध्या तासात हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, पुष्करणी आणि केदारेश्वराची गुहा. गुहेत मोठ्या शिवलिंगाभोवती चार खांबांपैकी एकच शाबूत आहे आणि कंबरभर बर्फगार पाणी आहे. उतरायचा मोह होणारच. उतरलात तर कोरडी चड्डी बदलायला हवी, नाहीतर ओल्या कपड्याने मांड्या सोलवटतात आणि पुढचे आठ किलोमीटर त्याचंच दुखणं. त्याआधी एखाद्या झापाच्या हॉटेलात पिठलं-भाकरी सांगून ठेवा. शनिवार-रविवारी ती उघडी असतात, मधल्या वारी भरवसा नाही, म्हणून सोबत खाणं हवंच. मग कोकणकडा, जायला चाळीस मिनिटं. पाऊणच्या सुमारास परत मंदिराशी, जेवण, आणि दीड वाजता पाठीवर सॅक.

हा दीड पक्का. दिवसभरात बाकी सगळ्या वेळा अर्धा तास इकडेतिकडे चालतील. उशीर होत असेल तर कोकणकडा कापायचा. आपल्याकडे लोक नेमकं उलटं करतात. कड्यावर तासभर फोटो काढतात आणि तो तास परतीच्या उजेडातून वसूल करतात.

दीडच का? मंदिरापासून तोलार खिंडीपर्यंतची वाट नकाशात उतरती वाटते, पण पठारावर ती टेकडीमागून टेकडी चढत-उतरत जाते. सात टेकड्या म्हणतात, दमलेल्या माणसाच्या मोजणीत त्या दहा होतात. बालेकिल्ला आणि तारामतीची रांग जाताना उजव्या हाताला, म्हणजे दक्षिणेला राहते. ही एक खूण डोक्यात पक्की ठेवा. धुकं आलं किंवा गोंधळ झाला आणि रांग डावीकडे दिसायला लागली तर तुम्ही उलटे निघालात. ही वाट दोन ते सव्वादोन तासांची. मग खिंडीच्या वरचा कातळटप्पा. शनिवारी दुपारी मुक्कामाला येणारे गट नेमके याच वेळी वर चढत असतात, रेलिंगवर खोळंबा होतो, वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. चढणाऱ्यांना आधी जाऊ द्या, एकेकाने उतरा, एका सळईला दोघांनी लटकू नका. रेलिंग धरायचं ते तोल सावरायला. सगळा भार त्यावर टाकायचा नाही, कारण पावसाळे खाल्लेला एखादा खांब पायाशी हलतो. खडकाकडे तोंड करून उतरणं बावळटासारखं दिसतं, पण सुरक्षित तेच. पावणेचार-चारला खिंडीत, व्याघ्रशिल्पाला हात लावून पाच-सव्वापाचला गावात. हाताशी पाऊण तास उजेड. तो शिलकीत हवाच.

वाटाड्याबद्दल. तीन गोष्टी विचारा : जुन्नर दरवाजाने या हंगामात, म्हणजे यंदाच्या पावसानंतर, किती वेळा गेलात? किती जणांना घेऊन? आणि तोलार खिंडीपर्यंत पूर्ण फेरी बरोबर याल का? पावसाळ्यात दरड सरकते, वाट बदलते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं. गावातल्या प्रत्येकाला ती वाट ठाऊक असते असं नाही. अनेकांचा रोजचा व्यवहार तोलार खिंडीवरच चालतो. मोबदला आधी ठरवा, त्यांचं जेवण-पाणी तुमच्याकडून. आणि एक विनंती स्पष्ट करा, की चाल सगळ्यात हळू माणसाच्या मापाने हवी. डोंगरातला माणूस सहज पन्नास पावलं पुढे जातो, मागचे त्याला गाठायच्या नादात धापा टाकतात आणि घसाऱ्यावर चुकतात.

मग ट्रॅकचं काय? घ्या, पण दुय्यम म्हणून. दुसऱ्याचा ट्रॅक म्हणजे तो माणूस चुकला तिथेही रेघ जाते. नाळेच्या तोंडाशी, कड्याखाली उपग्रहाचे संदेश खडकावरून परावर्तित होतात आणि तुमचा ठिपका तीस-चाळीस मीटर सरकतो. पठारावर त्याने बिघडत नाही, नाळेत तेवढ्याने शेजारची घळ लागते. नकाशा घरीच उतरवून घ्या, कारण वर रेंजचा नेम नाही. फोन विमान मोडवर टाका. जीपीएस तरीही चालतं, बॅटरी मात्र टिकते. रेंज शोधत राहिलेला फोन दुपारपर्यंत मान टाकतो.

पठारावर खरा चकवा ढोरवाटांचा. गुरं उताराला आडवी चरतात, त्यामुळे सारख्या उंचीवरून जाणाऱ्या डझनभर पायवाटा दिसतात, सगळ्या छान मळलेल्या. माणसांची वाट ओळखायची ती दगडावरच्या झिजेवरून, बाणांवरून, खुणेसाठी रचलेल्या दगडांच्या लगोऱ्यांवरून, आणि खरं सांगायचं तर बिस्किटांच्या कागदांवरून. दहा मिनिटं यातलं काहीच दिसलं नाही तर पुढे वाट मिळेल या आशेवर जायचं नाही, शेवटच्या पक्क्या खुणेपाशी परतायचं.

घसारा चढायची रीत. पाऊल सपाट टाका, टाचेने किंवा चवड्याने खणू नका. पावलं लहान. गट विस्कळीत होऊ देऊ नका. दोनच पद्धती बऱ्या : एकतर सगळे एकमेकांना खेटून, म्हणजे सुटलेला दगड वेग धरण्याआधीच खालच्याच्या हाताला लागतो, नाहीतर एकेक जण, आधीचा आडोशाला पोचल्यावर दुसरा. मधलं अंतर, म्हणजे दहा-पंधरा मीटर, सगळ्यात वाईट. दगड सुटला की ‘दगड!’ एवढंच ओरडायचं. ‘अरे सांभाळ’ म्हटलं की खालचा वर बघतो. दगड ऐकला की मान खाली, अंग भिंतीला.

हाताला कारवीची झुडपं येतील. ओली कारवी चांगला आधार देते, वाळलेली काडी कटकन मोडते, आणि डिसेंबरात दोन्ही शेजारीशेजारी उभ्या असतात. मुळाशी धरा, आधी ओढून पाहा. वाळलेलं गवत हे दुसरं फसवं प्रकरण. उताराच्या दिशेने लोळलेल्या गवतावर बूट तेलावरून घसरावा तसा जातो. गवताच्या बुंध्यांच्या मधल्या मातीत पाऊल रोवा. कातळाच्या खाचेत न बघता हात घालू नका, फुरसं अशाच जागी ऊन खात बसतं. चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करायचं नाही. हालचाल थांबवून, धीर देऊन, लवकरात लवकर दवाखाना.

आग्या मोहोळं या कड्यांवर असतात. सिगारेट, शेकोटी, अत्तर आणि आरडाओरडा यांनी ती उठतात. उठलीच तर हात झटकत उभं राहू नका. तोंड-डोकं कापडाने झाकून तिथून दूर पळा, पण कड्याच्या बाजूला नाही. काटे नखाने किंवा कार्डाने खरवडून पटकन काढा.

दोर घ्यावा का, हे तुम्ही विचारलं नाही, पण असे गट हमखास घेतात. पाचांपैकी कुणाला बिले (चढणाऱ्याला दोराने सुरक्षित धरणं) देता येतो का? नसेल तर ते तीन किलो घरी ठेवा. दोर आहे म्हणून माणूस जिथे जाऊ नये तिथे जातो, आणि चौघांनी हाताने धरलेल्या दोराला पाचवा खरोखर लटकला की पाचही जातात. वाटाड्याकडे स्वतःचा दोर असेल आणि त्याला तो बांधता येत असेल तर त्याचं ऐका.

पाणी माणशी तीन लिटर, गावातून भरून. जुन्नर दरवाजाच्या चढावर भरवशाचं पाणी धरू नका. वर मंदिराजवळच्या टाक्यांतलं पाणी थंड आणि गोड असतं, पण गर्दीच्या जागेचं आहे, क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. मंदिर सोडताना बाटल्या पुन्हा पूर्ण भरा, पुढे खिंडीपर्यंत डिसेंबरात बहुतेक कोरडंच. एक लिटर साधं, एक लिटर मीठ-साखरेचं असं आलटूनपालटून प्या : लिटरला साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा, चहाचा चमचा. ओआरएसची पुडी असेल तर ती पूर्ण एक लिटरमध्ये, ग्लासभर पाण्यात नाही. पायात गोळे येतात ते बहुतेकदा सकाळी चार तास पाणी न प्यायल्याने, त्यामुळे ‘तहान नाही’ हे ऐकून घेऊ नका.

खायला दशम्या, थालीपीठ, शेंगदाणे-गूळ, खजूर, राजगिऱ्याच्या वड्या. दर तासाला मूठभर. बटाट्याची ओली भाजी सॅकमध्ये दुपारपर्यंत आंबते. रिकामी वेष्टनं परत आणायची. हा भाग १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. वनखात्याच्या नाक्यावर शुल्क आणि नियम विचारून घ्या, सुटे पैसे जवळ ठेवा.

बाकी सामान थोडकं. प्रत्येकाची स्वतंत्र हेडलॅम्प, मोबाईलची टॉर्च त्यात धरायची नाही, कारण कातळावर दोन्ही हात मोकळे हवेत. पातळ विंडचीटर, टोपी, सुती जीन्सऐवजी सुटसुटीत पँट. क्रेप बँडेज, चिकटपट्टी, पॅरासिटामॉल, ॲलर्जीची गोळी, स्वतःची रोजची औषधं. एक शिट्टी : मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा, हा मदतीचा इशारा. सॅक सहा-सात किलोंच्या वर जाऊ देऊ नका.

दाजींसाठी आतापासून सराव. सिंहगड आतकरवाडीहून एकाच सकाळी दोनदा चढून-उतरून बघा, सहा किलोंची सॅक घेऊन. साडेपाचशे-सहाशे मीटरची चढ-उतर गुणिले दोन, म्हणजे या फेरीएवढाच भार पायांवर. दुसऱ्या उतरणीला गुडघा दुखला, किंवा दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळ आली, तर त्यांनी जुन्नर दरवाजा सोडावा आणि आणखी एकाला सोबत घेऊन तोलार खिंडीने वर येऊन मंदिराशी भेटावं. एकट्याने नको. काठ्या दोन असू द्या. उतरताना त्या थोड्या लांब करायच्या आणि पावलाच्या आधी टेकवायच्या. कातळटप्प्याआधी मात्र मिटून सॅकला बांधा. मनगटात पट्टा अडकलेली काठी रेलिंगमध्ये फसते आणि तोल घालवते.

आपत्कालीन दरवाजा कुठला हेही आधी ठरवा. वर असताना कुणी दुखावलं, आजारी पडलं, तर तोलार खिंडीकडे नेऊ नका. मंदिराहून उत्तरेला पाचनईची वाट सगळ्यात जवळची आणि सोपी, दीड-दोन तासांत गाव आणि डांबरी रस्ता. तुमची गाडी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला खिरेश्वरात राहील आणि रस्त्याने तिकडून यायला मोठा वळसा आहे, पण तो त्रास गाडीवाल्याचा, जखमीचा नाही. १०८ आणि ११२ लक्षात असतातच. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांकही निघण्याआधी शोधून सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. वर रेंज मिळाली तरी इंटरनेट मिळेल असं नाही.

मुक्कामाच्या घरी एक कागद ठेवून जा : पाच नावं, घरचे फोन, चढायची वाट, उतरायची वाट, आणि ‘साडेसातपर्यंत आलो नाही तर खिंडीकडे माणूस पाठवा’. उतरायची वाट लिहिणं महत्त्वाचं, नाहीतर शोधणारे जुन्नर दरवाजा पालथा घालतील आणि तुम्ही मुरगळलेला पाय धरून खिंडीत बसलेले असाल.

राहिले दाजींचे बूट. ते नवेकोरे दिसतात हेच काळजीचं आहे. अनेक बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा थर असतो. तो न वापरता पडून राहिला तरी हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो. वरून काही कळत नाही, आणि पहिल्या तासाभराच्या चालीत सगळा तळवा भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून येतो. आज रात्रीच काढा. तळवा दोन्ही हातांनी मधोमध वाकवा, कडेच्या शिवणीत अंगठ्याचं नख दाबा. बारीक चिरा पडल्या, भुगा निघाला किंवा नख रुतलं, तर ते चिकटवून आणू नका, नवे घ्या. महागाचेच हवेत असं नाही, खाचांचा मऊ रबरी तळवा कातळाला धरतो. नवे घेतले तर सिंहगडच्या त्या दोन फेऱ्या त्याच बुटांनी करू द्या. जुने टिकले, तरी वाटेत तळवा सुटलाच तर बांधायला दोन मीटर सुतळी सॅकच्या वरच्या कप्प्यात असू द्या.